अर्धा लिटर प्रायमर

मी बोटीची मोटर आहे, आणि जुनी आहे. हे मी आपणहूनच सांगून टाकते, कारण मला बघणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य तेच बोलतो आणि मला त्याचा आता वीट आलाय. आमच्या भागात मोटर म्हटलं की लोकांना विहिरीवरची मोटर आठवते. ती बाई एका जागी बसून उसाला पाणी पाजते. माझं तसं नाही. मला बोटीच्या मागच्या फळीला आवळून बसवतात. माझं डोकं पाण्याबाहेर असतं आणि लांब पाय पाण्यात. पायाच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा आहे. तो फिरला की बोट पुढे जाते. पंधरा घोड्यांची ताकद आहे माझ्यात. म्हणजे होती. बोलताना अजून चुकतं माझं.

मित्रांनो, माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझं अंग ॲल्युमिनियमचं. हा धातू हलका खरा, पण भारी हट्टी. साधा रंग त्याच्यावर टिकतच नाही. म्हणून कारखान्यात मला आधी स्वच्छ धुतलं, मग प्रायमर मारला आणि मग रंग दिला. प्रायमर म्हणजे रंगाखालचा थर. तो एका बाजूने धातूला घट्ट धरतो आणि दुसऱ्या बाजूने रंगाला. कुणाला तो दिसत नाही, म्हणून त्याचं कुणी कौतुकही करत नाही. मीसुद्धा कधी केलं नाही. माझा सगळा तोरा वरच्या निळ्या रंगावर होता. काय झळकायचे मी तेव्हा!

माझी पहिली आठ वर्षं साताऱ्याकडे, कोयनेच्या जलाशयात गेली. तिथे मी सहलीची बोट ओढायचे. शाळांच्या सहली यायच्या, मुलं पाण्यात हात घालून ओरडायची, मास्तर त्यांच्यावर ओरडायचे आणि मी त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडायचे. दिवस मजेत होते. पुढे मालकाने नवी, जास्त ताकदीची मोटर घेतली आणि मला पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं.

त्याच सुमाराला खाली कृष्णेला महापूर येऊन गेला होता. सांगलीच्या खालच्या अंगाला नदीकाठी खोलवाडी नावाचं गाव आहे. गावाच्या पुढे, नदीच्या वळणात, बेटमळा नावाची वस्ती आहे. अकरा घरं. एरवी गावातून वस्तीवर जायचं तर एक ओढा ओलांडायचा, संपलं. पण नदी फुगली की ते पाणी ओढ्यात शिरतं आणि वस्तीला चारी बाजूंनी वेढा पडतो. मग बोटीशिवाय तिथून बाहेर पडायला वाट नाही. महापुरात या वस्तीने फार सोसलं होतं. म्हणून गावाने वर्गणी काढून एक फायबरची बोट घेतली आणि तिच्यासाठी मला विकत आणलं.

माझी जबाबदारी गुंडा पिसाळ यांच्याकडे आली. गुंडाभाऊ सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीत त्यांनी बोटी चालवल्या होत्या, नद्यांवर पूल टाकले होते. मिशा पिळदार, आवाज पहाडी आणि काम एकदम शिस्तीचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला डोक्यापासून पंख्यापर्यंत न्याहाळलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "म्हातारे, तू बी रिटायर, मी बी रिटायर. आता दोघं मिळून डूटी करू." म्हातारे म्हणाले म्हणून मला राग आला होता. पण त्या थापेने तो गेला.

दोन वर्षांनी पुन्हा पाणी चढलं. त्या दिवशी मी काय धावले म्हणून सांगू! सकाळपासून दिवस मावळेपर्यंत गाव ते वस्ती, वस्ती ते गाव. एकोणपन्नास माणसं, शिवाय शेरडं, कोंबड्या, एक शिलाई मशीन आणि लग्न ठरलेल्या एका मुलीचा बस्ता. सगळ्यात शेवटी शालूबाई आणि त्यांचे मालक बोटीत बसले. शालूबाई म्हणजे वस्तीवरची सगळ्यात वडील बाई. गुंडाभाऊ त्यांना आक्का म्हणतात. त्यांच्या मालकांना हृदयाचा आजार होता. त्यांच्या गोळ्यांची पिशवी शालूबाईंनी पोटाशी धरली होती आणि दुसऱ्या हाताने माझा दांडा धरला होता. काठाला लागल्यावर त्या गुंडाभाऊंना म्हणाल्या, "लेकरा, तू न्हाई आनलंस आमास्नी. हिनं आनलं." गुंडाभाऊ हसले. मला मात्र हसू आलं नाही. खरं सांगते, मला भरून आलं होतं.

मग माझा सत्कार झाला. हार, नारळ, हळदकुंकू. सरपंच नानासो यांनी माझ्याबद्दल भाषण केलं, अगदी माझ्याकडे हात करून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी मला ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं.

ती खोली मला अजून डोळ्यांसमोर दिसते. एका बाजूला मोडक्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला निवडणुकीचे फलक आणि माझ्या अगदी अंगाला लागून मुदत संपलेल्या टीसीएल पावडरची पोती. टीसीएल म्हणजे गावच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती जंतू मारायची पावडर. तिच्या वासाने तुमच्या नाकाला झिणझिण्या येतात ना? मग विचार करा, ती पावडर फाटक्या पोत्यातून माझ्या पायावर दोन वर्षं सांडत होती. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. शिपायाला वाटलं, लोखंडाची चीज आहे, तिला काय होतंय? पण त्या पावडरीने माझा निळा रंग खाल्ला, त्याच्या खालचा प्रायमर खाल्ला, आणि मग ती मला खायला लागली. पायावर पांढरी पापडी आली. पापडीखाली खड्डे पडले. ओरडायला तोंड नव्हतं, आणि किल्ली कुणाकडे आहे हे खुद्द ग्रामपंचायतीलाच आठवत नव्हतं.

खंडेनवमीला ती किल्ली सापडली. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. ट्रॅक्टर धुतात, कोयते-कुदळी उजळतात. नानासो म्हणाले, "आपली बोट बी पूजेला मांडा. फकस्त जरा रंगरंगोटी करून घ्या, शोभली पायजे." गुंडाभाऊ मला बाहेर घेऊन आले. माझा पाय पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी जमेल तेवढी पापडी खरवडली. शाळेच्या फाटकाला मारून उरलेला लाल रेड ऑक्साइड होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने मला मारला. वरून चंदेरी रंग दिला. फाटकाला, उसाच्या ट्रॉलीला, पाण्याच्या टाकीच्या शिडीला, आमच्या भागात सगळ्यालाच आधी लाल मारतात. तो लोखंडाचा प्रायमर आहे आणि ॲल्युमिनियमला तो धरत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. किती मायेने मारला होता त्यांनी! ब्रशचा एक केस माझ्या अंगाला चिकटला, तर तोही त्यांनी नखाने अलगद काढला.

मीही वेडी. चंदेरी दिसायला लागले म्हणून हरखून गेले. पोरं माझ्यासोबत फोटो काढत होती.

पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा फुगली. शालूबाईंचे मालक तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. निरोप आला तशी गुंडाभाऊंनी बोट सोडली. निम्म्या वाटेपर्यंत मी व्यवस्थित होते. मग मला जाणवलं की अंगावरचा रंग सुटतोय. लाल-चंदेरी टिकल्या निघत होत्या, एकीमागून एक, आणि माझ्या पायाला जी पाणी ओढायची जाळी आहे, तिच्यात जाऊन बसत होत्या. मित्रांनो, मी पाण्यात चालते, पण माझ्या पोटात आग असते. ती आग शांत ठेवायला मला सारखं पाणी प्यावं लागतं. जाळी तुंबली आणि माझं पाणी बंद झालं. मी तापत गेले. गुंडाभाऊ ओरडले, "थांबू नगंस! आता न्हाई! आता न्हाई थांबायचं!" मी थांबले. आतून गच्च आवळून गेले. त्याला माझा इलाज नव्हता.

बोट प्रवाहाला लागली. एका बाभळीत अडकली म्हणून गुंडाभाऊ वाचले. वल्ह्याने कसेबसे ते आपल्याच काठाला परत आले. वस्तीने दीड दिवस गच्चीवर काढला. पाणी उतरल्यावर शालूबाईंच्या मालकांना बैलगाडीतून दवाखान्यात नेलं, पण तोवर त्यांच्यात काही राहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

शालूबाई गुंडाभाऊंना एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गुंडाभाऊ कितीदा तरी म्हणाले.

त्यानंतर मला माधवनगरला शमशेर मिस्त्रींकडे नेलं. शमशेर मिस्त्री पूर्वी यंत्रमागांची दुरुस्ती करायचे. माग बंद पडत गेले तसे ते पंप, जनरेटर, मिळेल ते इंजिन उघडायला लागले. हात असा की तुटलेला स्क्रूसुद्धा त्यांचं ऐकायचा. त्यांनी मला खोललं, जाळी उपसली आणि ओंजळभर लाल टिकल्या गुंडाभाऊंसमोर धरल्या.

"भाऊ, इंजनाची चूक न्हाई. ह्ये बघा. रंग खाऊन मेलीया बिचारी."

गुंडाभाऊंनी तो रंग ओळखला. ते तिथेच पायरीवर बसले. म्हणाले, "मिस्त्री, ह्यो रंग मी मारला हुता."

मिस्त्रींनी टिकल्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या आणि चहा मागवला. 

मिस्त्रींनी माझं पोट सहा महिने खपून दुरुस्त केलं. मी सुरू झाले तेव्हा त्यांच्या पत्नी आबेदाभाभी पदर सावरत दारात आल्या आणि म्हणाल्या, "एवढा आवाज! म्हंजे जगली म्हनायची." जगले होते, पण माझा पाय उघडा होता. मिस्त्रींनी लाल रंग जवळजवळ सगळा घासून काढला होता आणि खाली नुसता खड्ड्यांचा, भाजलेल्या पापडासारखा धातू होता.

मे महिन्यात पूर येण्याआधीची तपासणी असते. तालुक्याहून साहेब आले. त्यांनी मला सुरू करून पाहिलं आणि मान डोलावली. मग पायावरून बोट फिरवलं. एका कोपऱ्यात लाल रंगाचा बोटभर पट्टा राहिला होता. साहेबांनी त्याच्यावर चिकटपट्टी दाबली आणि सर्रकन ओढली. पट्टीसोबत सगळा रंग निघून आला.

साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "पिसाळ, आतलं काम चांगलं झालंय. पण हा पाय असाच पावसाळाभर पाण्यात राहिला तर भोक पडेल. ॲल्युमिनियमचा खरा प्रायमर मारून घ्या. पंधरा दिवसांनी मी परत येतो आणि हीच पट्टी लावून बघतो. रंग धरला तर पास. नाही धरला तर मला निर्लेखन करावं लागेल." निर्लेखन म्हणजे यादीतून नाव खोडणं. एकदा खोडलं की मला बोटीला लावायची परवानगी नाही. नव्या मोटरचा प्रस्ताव पाठवायचा आणि बसायचं वाट बघत.

"आन तवर बेटमळ्याचं काय?" गुंडाभाऊंनी विचारलं. साहेबांनी कागदांवर सही केली. 

मग सुरू झाला प्रायमरचा शोध. मला लागत होता फक्त अर्धा लिटर. पाण्याच्या लहान बाटलीत मावेल एवढा. शमशेर मिस्त्री सांगलीतल्या रंगाच्या दुकानांत गेले. भिंतीचा प्रायमर होता, लाकडाचा होता, लोखंडाचा लाल होता. ॲल्युमिनियमचा म्हटल्यावर एक दुकानदार हसला. म्हणाला, "मिस्त्री, पातेल्याला रंग कोन देतंय?" मिरजेत एकाने गाड्यांना मारायचा फवाऱ्याचा डबा दिला. मिस्त्रींनी तो एका तुकड्यावर मारला, दोन दिवस वाळवला आणि पट्टी लावून ओढली. पट्टी आली, रंगही आला. तिसऱ्याने सांगितलं की खरी चीज मागवता येईल, पण वीस लिटरचा ड्रम घ्यावा लागेल. त्या ड्रमच्या किमतीत माझ्यासारख्या दोन जुन्या मोटरी आल्या असत्या. चौथ्याकडे परदेशी लहान डबा होता. त्याचा भाव ऐकून मिस्त्रींनी डबा दोन्ही हातांनी जपून परत ठेवला. पडला असता तर काय घ्या!

गुंडाभाऊ नानासोंकडे गेले. नानासोंनी ऐकून घेतलं. "आवं हवालदार, पंचायत देईल की. फकस्त तीन दुकानांची कोटेशनं लागत्यात. नियम हाय."

"तीन दुकानात ती वस्तूच न्हाई, तर कोटेशन कुठनं आनू?"

"मग अवघड हाय," नानासो म्हणाले. आणि खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड करून बसले. त्यांनी भाषणात माझ्याकडे हात केला होता, तोच हात आता नियमाच्या कागदावर होता.

असे अकरा दिवस गेले. मी मिस्त्रींच्या बाकड्यावर उघडी पडून होते. रोज मिस्त्री बाहेरून यायचे, मान हलवायचे आणि माझ्यावरची धूळ फडक्याने पुसायचे. त्यांचं ते मान हलवणं मला सहन व्हायचं नाही.

बाराव्या दिवशी त्यांना त्यांचा भाचा आठवला. अश्फाक शिरवळला एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांना रंग मारायचं काम करतो. मिस्त्रींनी फोन लावला. अश्फाक म्हणाला, "मामू, हितं तर त्योच वापरत्यात. सायबाला इचारतो." त्याच्या साहेबांनी दयेने होकार दिला. नमुन्याच्या डब्यांतून थोडं काढून देऊ म्हणाले, पण एकदाच. माझी तपासणी तीन दिवसांवर होती. मारल्यावर वाळायला पुरता एक दिवस लागतो. म्हणजे उद्या सकाळी जाऊन, दुपारी येऊन, संध्याकाळच्या आत मारायलाच हवा होता.

"मी जातो," गुंडाभाऊ म्हणाले. मिस्त्री म्हणाले, मला जाऊ द्या. गुंडाभाऊ ऐकेनात. तो रंग आपल्या हाताने आणायचा, हे त्यांनी मनात धरलं होतं. निघताना मिस्त्रींनी त्यांना समजावलं, "दोन डबे मिळतील भाऊ. एकात प्रायमर, दुसऱ्यात त्याचा हार्डनर. दोनी एकत्र करून मारायचं असतंय. घोटायला मातुर लय लागतंय बघा. जेवढं घोटाल तेवढं चांगलं." मिस्त्रींनी एवढंच सांगितलं. पुढचं सांगायची गरज त्यांना वाटली नाही, कारण घोटायचं काम ते स्वतःच करणार होते.

पुढची हकीकत मी पाहिली नाही. गुंडाभाऊंनीच ती मिस्त्रींना सांगितली, तेव्हा मी ऐकली. ते पहाटेच्या गाडीने शिरवळला पोचले. अश्फाक फाटकावर वाटच बघत होता. त्याने दोन लहान डबे हातात ठेवले आणि म्हणाला, "काका, मामूला सगळं ठावं हाय." आणि कामाची पाळी सुरू होत होती म्हणून तो आत पळाला.

गुंडाभाऊ थांब्यावर आले. गाडीला अजून वेळ होता. त्यांनी विचार केला. दोन्ही डबे अर्धे भरलेले, झाकणं ढिली, गाडीत सांडले तर? आणि घोटायला लय लागतंय म्हणाले होते मिस्त्री. मग सांगलीपर्यंत चार तास गाडी हादरणार, याच्याहून चांगलं घोटणं कुठलं? तेवढाच मिस्त्रींचा वेळ वाचेल. त्यांच्याकडे घरून आणलेली झाकणाची स्टीलची किटली होती. त्यांनी त्याच थांब्यावर दोन्ही डबे किटलीत ओतले, झाकण घट्ट लावलं, वरून रुमाल बांधला. गाडीत पुढची जागा धरली आणि किटली मांडीवर घेऊन बसले. वाटेत ती अधूनमधून हलवतही होते. शेजारच्या माणसाने विचारलं, "दूध का?" गुंडाभाऊ म्हणाले, "औषध हाय. घरच्या मानसाचं."

कऱ्हाडच्या पुढे किटली गरम लागायला लागली. त्यांना वाटलं, उन्हाने तापली असेल.

ते माधवनगरला आले तेव्हा मिस्त्री ब्रश धुऊन, माझा पाय थिनरने पुसून तयार होते. गुंडाभाऊंच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तेज होतं! "मिस्त्री, घ्या. घोटून आनलंय!" ते म्हणाले.

मिस्त्रींचा हात हवेतच राहिला. "घोटून? एकत्र केलंसा?"

"शिरवळातच. चार तास हलत आलंय. एकजीव झालं आसंल."

मिस्त्रींनी झाकण उघडलं. बोटाने आत टोचलं. मग किटली उलटी केली आणि बाकड्यावर आपटली. आतून काहीच पडलं नाही. करड्या रंगाचा दगड झाला होता किटलीच्या आकाराचा.

"भाऊ," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, "ह्ये दोन एकत्र आलं की घट व्हाय लागतंय. उन्हात तर लवकरच. मी धा मिनटं घोटून लगीच मारनार हुतो."

गुंडाभाऊंनी किटली हातात घेतली, आत पाहिलं, पुन्हा पाहिलं. "परत जातो. आत्ता निघतो."

"आता आनलं तरी परवापातुर वाळनार न्हाई. आन त्यो सायेब परत देनार बी न्हाई."

मित्रांनो, सैन्यातला तो उंचापुरा माणूस माझ्या बाकड्याला धरून रडला. "दोनदा केलं मी. दोन्ही टायमाला चांगलं व्हावं म्हनूनच केलं रं गड्या." शमशेर मिस्त्री त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "माझीच चूक हाय भाऊ. मी पुरतं सांगाय पायजे हुतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला कुणाचाच राग येत नव्हता. कुणाचा तरी आला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी एक तोड सुचवली. बोलताना ते गुंडाभाऊंकडे बघत नव्हते. "पातळ लाल मारू, वर चंदेरी. घासून मारला तर एका पट्टीपुरता धरंल. सायेब पास करतील. मोटर तर गावात ऱ्हाईल."

गुंडाभाऊंना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. मलाही तेच हवं होतं. यादीत राहायचं होतं, बोटीला लागायचं होतं, पाण्यात उतरायचं होतं. मारा, असं मी मनात म्हणत होते.

"न्हाई," गुंडाभाऊ म्हणाले. "त्यो रंग पट्टीला धरंल, पान्याला न्हाई. मदी पानी आसताना ही पुन्ना बंद पडली तर? आक्काच्या घरातलं एक मानूस मी ह्या रंगापायी घालवलंय."

तपासणीच्या दिवशी त्यांनी मला तशीच उघडी, घासून पुसून साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी पट्टी खिशातून काढलीच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गुंडाभाऊंकडे पाहिलं, आणि माझ्या नावावर एक रेघ ओढली. एवढंच. मला वाटलं होतं, काहीतरी मोठा आवाज होईल.

आता मी ग्रामपंचायतीच्या मागे, भिंतीला टेकवलेली आहे. माझ्या डोक्यावर खडूने 'बाद' लिहिलंय. खडू आहे, पुसला जाईल, पण त्याने काही बदलणार नाही.

परवा सकाळी शालूबाई गावात आल्या. ओढ्यात पाऊल बुडेल एवढंही पाणी नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं, ढगाचा पत्ता नव्हता. त्यांच्या डोक्यावर गाठोडं होतं, हातात शेरडाची दोरी, आणि मागे गुंडाभाऊ त्यांची पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन चालत होते. वाकून चालत होते. शालूबाई गावात भाचीच्या पडवीत राहायला चालल्या होत्या. चार महिने पेरणी नाही, भांगलण नाही. घराला कुलूप.

"आक्का, आजून पंधरा दीस हायीत पावसाला," गुंडाभाऊ म्हणाले.

"व्हय रं," शालूबाई म्हणाल्या. "आज चालत येता येतंय, म्हनून आज आले."

गुंडाभाऊंनी पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मित्रांनो, मला आता प्रायमर नको. माझं जे व्हायचं ते झालं. पण तुमच्या गावातही कुठल्या तरी कुलूपबंद खोलीत माझ्यासारखी एखादी असेल. बोटीची मोटर असेल, आग विझवायचा बंब असेल, नाहीतर दवाखान्यातलं एखादं यंत्र असेल. मोठ्यांना विचारा, तिची किल्ली कुणाकडे आहे. तिच्या शेजारी काय सांडलंय ते स्वतः जाऊन बघा. तिला काय लागतं ते माहीत असलेल्या माणसाला विचारा, आणि त्याचं सगळं सांगून होईपर्यंत तिथून हलू नका. आणि हे ऊन आहे तोवर करा. पाणी आल्यावर सगळ्यांनाच आमची आठवण होते.

वस्तीवरच्या अकरा घरांपैकी चार घरांना आता कुलूप आहे. सात घरांत अजून माणसं आहेत. त्यांना गावात ठेवून घेणारं कुणी नाही.